दुधाच्या कव्हरांचं गौडबंगाल

१

आमच्या गल्लीत चोरी झाली ती सोन्याची असती तर लोक पोलिसांकडे गेले असते. कचऱ्याची झाली, म्हणून माझ्याकडे आले.

मी विनुता. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत ब्लाउज शिवते. एकदा कुणाचं तरी हरवलेलं कर्णफूल दुरुस्तीला आलेल्या ब्लाउजच्या अस्तरात सापडलं, ते मी परत केलं, आणि तेव्हापासून गल्लीत मांजर जरी दिसेनासं झालं तरी माझी शिलाई थांबते. त्या शनिवारी सकाळी काज करत होते, तेवढ्यात वरुणमामा उंबऱ्याशी येऊन उभे राहिले. वरुणराव बँकेतून निवृत्त झालेले, गल्लीच्या संघाचे अध्यक्ष. मागे त्यांचा भाचा विघ्नेश, हातात फोन.

"विनुता, अनर्थ! पोती गेली!"

"कसली पोती?"

"दुधाच्या कव्हरांची! शेडच्या मागच्या खोलीतली. भिंतभर पोती होती. आज खोली रिकामी!"

मी सुई कापडात खोचली. आता शिलाई होणार नव्हती.

कव्हर म्हणजे आमच्याकडे दुधाची प्लास्टिकची पिशवी. गल्लीच्या टोकाला सुक्या कचऱ्याची शेड आहे. चेन्नईच्या एका साबण कंपनीच्या पैशावर ती चालते. कंपनी प्लास्टिकच्या पाकिटांतून माल विकते, तेव्हा तितकंच प्लास्टिक गोळा करून दाखवायचं असा कायदा आहे. ती स्वतः कुठे गोळा करणार? म्हणून जो गोळा करतो त्याला ती किलोमागे पैसे देते. आमच्याकडे तो 'जो' म्हणजे विघ्नेश. एमबीए होऊन आला आणि गल्लीला 'आदर्श गल्ली' करून टाकलं. आम्हाला काय मिळालं? एक बॅनर. त्यावर वरुणमामांचा फोटो.

"सोमवारी कंपनीच्या साईप्रिया मॅडम येतायत," विघ्नेश म्हणाला. "पोत्यांचं वजन स्वतः करणार होत्या. आता काय दाखवू अक्का? माझं नाव, गल्लीचं नाव..."

"कुलूप तोडलंय?"

"नाही ना! तेच तर." त्याने आवाज खाली आणला. "किल्ल्या दोनच. एक माझ्याकडे. ती इथेच आहे, बघा. दुसरी वासुकीच्या कमरेला."

"तक्रार लिहून तयार आहे," वरुणमामा म्हणाले. "सोमवारी मॅडमसमोर वासुकीला विचारू. नाही बोलली तर सरळ पोलीस."

२

वासुकी शेडच्या पुढच्या भागात गोणपाटावर बसली होती. ती कचरा निवडते. बाटल्या एकीकडे, चिप्सची चकचकीत पाकिटं एकीकडे. आधी ती उन्हातान्हात हातगाडी ढकलायची. सावलीत बसून करायचं हे तिच्या आयुष्यातलं पहिलं काम.

"अम्मा, मी घेतली नाहीत," मी काही विचारायच्या आत ती म्हणाली. "पोलीस आले की काम गेलं, शेजार गेला. मला चोर म्हटल्यावर कुठली गल्ली मला दारात उभं करेल?"

"किल्ली तुझ्याकडे कधीपासून?"

"चेन्नईच्या मॅडम येणार असं ठरलं ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी विघ्नेश तंबीने दिली. म्हणाला, वासुकी, आता जबाबदारी तुझी. मला बरं वाटलं हो अम्मा. कुणी मला किल्ली देत नाही."

हे ऐकून मला बरं वाटलं नाही.

"पोत्यांत कव्हरं तूच भरायचीस?"

"नाही. ते तंबी बघायचा. माझ्याकडे कव्हरं येतातच कुठे? चिप्स येतात, शाम्पूच्या पुड्या येतात. मी विचारलं, तर म्हणाला, दुसऱ्या गल्ल्यांतून येतात, तू तुझं काम कर."

मागच्या खोलीला जाळीचं दार आणि एक बुटकी खिडकी. मी आत गेले. जमीन झाडल्यासारखी स्वच्छ. मी उभी राहिले आणि नाक वर करून श्वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"काय झालं अम्मा?"

"काही नाही गं." खरंच काही नव्हतं, तेच तर झालं होतं. आवणी या तमिळ महिन्याच्या उकाड्यात दुधाचं एक कव्हर न धुता कोपऱ्यात ठेवा. दुसऱ्या दिवशी शेजारीण विचारते, कोण गेलं? आणि धुतलं तरी महिनोन्महिने साठवलेल्या भिंतभर कव्हरांचा आंबूस वास भिंतीत मुरतो, मुंग्यांची रांग लागते. इथे मुंगी नव्हती. वास होता तो वेगळाच, गोडसर, कोरडा. ओळखीचा होता, पण नाव सापडेना. जिभेवर येऊन परत जाणाऱ्या गोष्टींचा मला फार राग येतो.

"आज कामूसुद्धा आली नाही," वासुकी खिडकीकडे बघत म्हणाली. कामू म्हणजे राजगोपालची गाय, गल्लीतली सगळ्यात मोकळी बाई. "रोज त्या खिडकीत मान घालून उभी असते. हाकलून हाकलून माझे हात दुखतात. आज तीही नाही."

३

चोरलेली कव्हरं शेवटी विकावी लागतात, आणि राजवाड्याच्या आसपास ती विकत घेणारा एकच. तुळजाराम. जुने पेपर, लोखंड, बाटल्या, सगळं सायकलवर लादून नेतो. आमच्यासारखाच मराठी, पण हाक मारतो ती तमिळमध्ये. 'पळैय पेपर!', म्हणजे जुना पेपर, ही त्याची आरोळी गल्लीतल्या घड्याळांपेक्षा वेळेवर असते.

मी त्याला मागच्या दारी गाठलं. मागच्या दारी, कारण माझी आणि त्याची भेट तिथेच होते. आता लपवून काय करू? वरुणमामांनी सभेत हात वर करायला लावले तेव्हा कव्हरं शेडला द्यायची असं मीही कबूल केलं होतं. पण माझी कव्हरं मी धुते, दोरीवर वाळवते आणि तुळजारामला विकते. ते पैसे कुणी विचारत नाही असे असतात. आणि एका घरच्या कव्हरांनी कंपनीचं काय अडतंय? बाकीच्या सगळ्या देतात की.

"तुळजाराम, खरं सांग. शेडची पोती तुझ्याकडे आली?"

तो तराजू खाली ठेवून इतका हसला की सायकल कलंडायला आली.

"अक्का, शेडला कव्हरं होती कधी?"

"म्हणजे? गल्लीतल्या सगळ्या देतात ना!"

"सगळ्या?" त्याने इकडेतिकडे पाहिलं. "मी नावं घेणार नाही. धंद्यात एक इमान असतं. एकीकडे सकाळी सहाला जातो, नवरा फिरायला गेला की. एकीकडे दुपारी, सासू झोपली की. प्रत्येकीचं मागचं दार वेगळं, वेळ वेगळी. आणि प्रत्येकजणी तुमच्यासारखंच म्हणते."

"काय म्हणते?"

"'माझी एकटीचीच रे, बाकीच्या देतात की.'"

तो आरोळी देत निघून गेला. मी दारात उभी राहिले. गल्लीतली एकही बाई कव्हरं देत नव्हती, आणि प्रत्येकीला वाटत होतं की चोर आपण एकटीच आहोत. मग त्या पोत्यांत होतं तरी काय?

४

रविवारी सकाळी वेंकूबाईंनी बोलावून घेतलं. आमच्या गल्लीतल्या सगळ्यात वडील. मराठी बोलतात ती त्यांच्या आजीची, आम्हाला कधी कधी समजत नाही. दारातली रांगोळी, म्हणजे कोलम, मात्र अजून स्वतः काढतात. त्यांचं दार इतकं देखणं, दोन्ही बाजूंना कोरीव खांब, की विघ्नेश दर महिन्याला पोती तिथेच मांडून फोटो काढतो, कंपनीला पाठवतो आणि गल्लीच्या ग्रुपवर टाकतो.

"विनुता, त्या राजगोपालास सांग," त्या कडाडल्या. "ती गाय कालपासून वरुणाच्या परड्यामागें उभी आहे. रात्रभर हंबरते. मज झोंप नाहीं!"

"वरुणमामांच्या मागच्या फाटकाशी?"

"फाटकास डोकें घांसते. आंत काय तिचें माहेर आहे?"

विघ्नेश वरुणमामांकडेच राहतो. माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं. मी फोन काढला आणि ग्रुपवरचा शेवटचा, गेल्या महिन्यातला फोटो त्यांना दाखवला. वेंकूबाईंचं दार, पोत्यांची रास, आणि खाली विघ्नेशचं भरघोस लिखाण: 'आडी अमावास्येच्या पवित्र दिवशी आपल्या गल्लीने निसर्गाला केलेलं तर्पण!' त्याखाली सगळ्यांचे जोडलेले हात. माझेही.

"मामी, हे तुमचंच दार ना?"

त्यांनी चष्मा लावला, फोन लांब धरला, मग जवळ आणला. त्यांच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आलं, मग कपाळावर आठी.

"दार माझें. कोलमही माझें. पण हा रथ कीं गं!"

मी फोटो मोठा केला. पोत्यांच्या पुढे पांढऱ्या पिठात रेखलेला रथ, चाकं, दोर, सगळं.

"आणि हें मूल म्हणतें अमावास्या?" त्या भडकल्या. "अमावास्येस पितरांचा दिवस. माझ्या सासूच्या काळापासून त्या दिवशीं दारांत कोलम नाहीं! आणि रथ मीं वर्षांत एकदांच काढतें."

"रथसप्तमीला."

"मग! तें तर थंडींत झालें!"

फोटो सहा महिन्यांपूर्वीचा होता. मी मागचे सगळे फोटो काढून पाहिले. कधी दार जवळून, कधी बाजूने, पण पुढच्या पोत्याचं तोंड हिरव्या दोऱ्याने आडवंतिडवं शिवलेलं, तोच वेडावाकडा टाका प्रत्येक महिन्यात. मी टाके विसरत नाही, वाईट टाके तर नाहीच. तीच पोती पुन्हा पुन्हा फोटोला बसत होती आणि प्रत्येक वेळी नवी म्हणून मोजली जात होती.

आणि त्या खोलीतल्या वासाचं नाव मला त्या क्षणी सापडलं. गायीला ते माझ्या आधी कळलं होतं.

५

कळून उपयोग काय? विघ्नेश हुशार. म्हणेल, फोटो चुकून जुना गेला. म्हणेल, गायीची साक्ष कोण मानतं? पोत्यांत कव्हरं होती, प्रत्येक घराने दिली, विचारा कुणालाही. आणि विचारलं तर प्रत्येकजणी नवऱ्यासमोर मान डोलावणार: हो, दिली. वासुकी अडकणार ती आमच्या मानांमुळे.

म्हणून रविवारी दुपारी मी बायकांना मापाच्या निमित्ताने बोलावलं. टेप हातात असली की बाई खोटं बोलत नाही, फार तर पोट आत ओढते.

"गायत्रीमामी, हात वर करा. कव्हरं तुळजारामला देता ना?"

वरुणमामांची बायको जागच्या जागी घट्ट झाली. "कोण म्हणालं?"

"मीही देते."

"तूसुद्धा?" त्यांचे हात खाली आले. "मला वाटलं मी एकटीच."

"उद्या साईप्रियासमोर सांगाल?"

"वेडी आहेस? यांनी बॅनरवर फोटो छापलाय! शिवाय..." त्या पदराशी चाळा करत राहिल्या. "विनुता, घरात सगळं यांच्या नावावर आहे. गॅससुद्धा. तेवढी कव्हरंच माझी आहेत. ती पण चारचौघांत मांडू?"

दुसरीने तेच सांगितलं, तिसरीनेही. एकीने तर ब्लाउजचं कापड परत मागितलं. वासुकीबद्दल सगळ्यांना वाईट वाटत होतं. वाईट वाटण्याला आमच्या गल्लीत कधी तोटा नव्हता. संध्याकाळी मी मशीनवर झाकण टाकलं तेव्हा साक्षीदार एकही नव्हता, मापं मात्र सगळ्यांची होती.

६

सोमवारी वरुणमामांच्या दाराबाहेरच्या कट्ट्यावर, म्हणजे तिण्णैवर, सभा भरली. साईप्रिया चेन्नईहून काटा घेऊन आली होती. तरुण, घामेजलेली, कॉफी नको म्हणणारी. वासुकी पायरीच्या खाली उभी. कुणी तिला बस म्हटलं नाही. ती बसलीही नसती.

"मॅडम, चोरी अंतर्गत आहे," विघ्नेशने सुरुवात केली. "किल्ली हिच्याकडे होती."

"किल्ली हिच्याकडे तुम्ही येणार हे ठरल्यावर आली," मी म्हणाले. "त्याआधी इतके महिने हिची गरज नव्हती. चोरी व्हायची होती, तेव्हा चोर लागला."

"अक्का, लॉजिक काय आहे याच्यात?"

"सांगते. कव्हरांच्या खोलीला वास नाही, मुंगी नाही. अमावास्येच्या फोटोत रथसप्तमीचा रथ आहे. सगळ्या फोटोंत एकच शिवलेलं पोतं आहे. आणि राजगोपालची गाय रोज त्या खोलीच्या खिडकीत उभी असायची, पोती गेली त्या दिवसापासून ती तुझ्या परड्याशी उभी आहे. गायीला खिडकीतून कशाचा वास येतो विघ्नेश? भाताच्या पेंढ्याचा. पोत्यांत पेंढा होता. वजन होणार म्हणून पोती हलवली, आणि घाईत हलवलीस ती मामाच्याच परड्यात."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. कामू नेमकी तेव्हा हंबरली. मी तिला शिकवलं नव्हतं.

विघ्नेश हसला, थोडं उशिरा. "परड्यात पेंढा आहेच. पॅकिंगला आणलाय. फोटोची मिस्टेक झाली, सॉरी. पण मॅडम, कव्हरं खरी होती. याच गल्लीची. प्रत्येक घराने दिली."

"वासुकीला तू सांगितलंस, दुसऱ्या गल्ल्यांची आहेत."

"तिला काय कळतं? विचारा ना घरोघरी!"

"विचारायचं काय त्यात?" वरुणमामा उठून उभे राहिले. "मी कंपनीला शब्द दिलाय. आमच्या घरचं प्रत्येक कव्हर शेडला जातं. गायत्री, सांग मॅडमना."

गायत्रीमामी जमिनीकडे बघत राहिल्या. साईप्रियाने एकेका बाईकडे पाहिलं. एकेक मान खाली गेली. कुणी 'हो' म्हणेना, पण 'नाही'ही म्हणेना, आणि पायरीखाली वासुकीने डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात खांबाला धरून वेंकूबाई उठल्या.

"वरुणा, मीं दिलीं नाहींत. एकही नाहीं. बाटलीचें दूध बंद होऊन कव्हर आलें, तेव्हांपासून मीं विकतें. तुझ्या बॅनरासाठीं मज खोटें बोलवत नाहीं, म्हणून सांगतें."

"मामी!" वरुणमामा ओरडले.

"काय मामी मामी! कोलम माझें, दार माझें, कव्हरें माझीं. फोटो तेवढा तुमचा!"

"माझीही नाहीत दिलेली," मी म्हणाले.

मग गायत्रीमामींनी मान वर केली. "आपल्याकडचीही नाहीत हो."

वरुणमामांचं तोंड उघडंच राहिलं. "केव्हापासून?"

"तुम्ही बँकेत दुसऱ्यांचं व्याज मोजत होतात, तेव्हापासून."

त्यानंतर बांध फुटला. एक, मग दुसरी, मग कोपऱ्यातून तिसरी, जिने काल कापड परत मागितलं होतं. तुळजाराम सायकल धरून रस्त्यावर उभा होता. साईप्रियाने त्याला विचारलं, खरं का? तो म्हणाला, "सगळ्यांची माझ्याकडेच येतात मॅडम. एकीचं दुसरीला सांगितलं नाही, एवढाच माझा गुन्हा."

म्हणजे पोत्यांत कव्हरं असणं शक्यच नव्हतं. ती गल्लीतून शेडकडे कधी निघालीच नव्हती.

विघ्नेश तिण्णैच्या कडेला बसला. एकदम लहान दिसायला लागला. "पहिल्या महिन्यात खरंच वाट बघितली अक्का. सगळ्यांनी हात वर केले होते. कव्हरं आलीच नाहीत. टार्गेट होतं. म्हटलं एकदाच पेंढा भरू, पुढच्या महिन्यात खरी येतील."

मला त्याची दया आली, आणि दया आली म्हणून स्वतःचाच राग आला. या गल्लीत वाढला. पण पहाटे दारात कोण वाकतं, दोरीवर कव्हरं कोण वाळत घालतं, हे त्याने कधी मान वळवून पाहिलं नाही. त्याच्या मते दुधाचं कव्हर म्हणजे कचरा. आमच्या स्वयंपाकघरात ते कधीच कचरा नव्हतं.

"आणि मी, तंबी?" वासुकीने विचारलं. तिने कमरेची किल्ली सोडवली आणि त्याच्याशेजारी ठेवली. "मला वाटलं होतं, विश्वास ठेवून दिलीस."

गायत्रीमामी म्हणाल्या, "उठ. खाली उतरून तिची माफी माग. इथून बसून नाही."

तो उतरला.

७

शेड बंद होणार असं वाटलं होतं. साईप्रिया विघ्नेशचं नाव कंपनीच्या कागदांवरून काढायला निघाली, आणि जाता जाता म्हणाली, "तुम्ही कव्हरं देत नसाल तर मी पैसे कशाचे देऊ?"

"देऊ की," गायत्रीमामी म्हणाल्या. "पण फुकट नाही, आणि संघाला नाही. तुळजाराम देतो तो भाव तुमच्या पैशातून वासुकीने द्यायचा. ज्या हाताने कव्हर धुतलं, त्या हातात."

तुळजाराम कुरकुरला. मग त्याच्या लक्षात आलं की दहा मागची दारं फिरण्यापेक्षा वासुकीकडून एका जागी घेणं सोपं. कंपनीला खरं वजन मिळेल, शेडच्या पुढच्या भागात वासुकीला काटा मिळेल. वरुणमामा काही दिवस बायकोशी बोलले नाहीत. तिच्या ते लक्षात आलं नाही.

पुढच्या महिन्यात ग्रुपवर नवा फोटो आला. खाली वरुणमामांचं लिखाण: 'संघाच्या अथक प्रयत्नांनी जमा झालेली कव्हरं!' जोडलेल्या हातांची रांग लागली. मी कपाळावर हात मारून घेतला. मग सवयीने फोटो मोठा केला.

मध्ये वासुकी खुर्चीवर बसली होती, कमरेला किल्ली, समोर काटा. वरुणमामांनी कडेने अर्धा खांदा घुसवला होता. खिडकीत कामू हिरमुसून उभी. आणि शेडच्या उंबऱ्यासमोर एक लहानसं, नवशिकं कोलम, एक रेघ जरा तिरकी गेलेलं.

तारीख पाहिली. अमावास्या नव्हती. मी जोडलेले हात पाठवले.